मोजणी झाली तेव्हा आपण कुठे होतो?



गणपती गेले आणि पावसाने जरा उघडीप दिली, तेव्हा आमच्या वाडीवर तिघं माणसं आली. हातात फीत, चुन्याची पिशवी. आमच्या चुलतीच्या झोपडीच्या कुडाला फितीचं टोक लावलं आणि उताराकडे चालू लागले. चुलती म्हणाली, "काय मोजताव?" ते म्हणाले, "डोंगर विकलाय. नव्या मालकाला हद्द दाखवायचीय." ती म्हणाली, "आन् आमी?" त्यातला एक शिकलेला दिसत होता, माणूस वाईट नव्हता. कागद उलगडून त्याने खरंच शोधलं आणि म्हणाला, "मावशी, तुमची वाडी नकाशात नाही."

चार पिढ्यांची वाडी. सोळा घरं, एक विहीर, वाघोबाचं ठाणं, मागे नाचणीचा उतार. नकाशात नाही!

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळतोय. हा नकाशा ज्या दिवशी झाला, त्या दिवशी आपण कुठे होतो?

आमच्या डोंगराखाली दिवेआगर आहे. आता तिथे मुंबईचे पाहुणे येतात, सुरूच्या बनात फिरतात, मोदक खातात. १९९७ साली तिथल्या सुपारीच्या बागेत खोदताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपती मिळाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच गावात एक ताम्रपटही सापडलेला आहे, शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, आणि तो मराठीत आहे. साडेनऊशे वर्षांपूर्वी खालच्या गावात कुणाचं काय ठरलं ते तांब्यावर कोरून ठेवायची रीत होती. मला त्याचा राग नाही, उलट हुशारी वाटते. आपल्याकडे मात्र सगळं तोंडी. हा आंबा कुणाचा, तो ओहोळ कुठल्या घराचा, कुठल्या माळावर यंदा राब करायचा, हे आजी सांगायची आणि सगळे मानायचे. कागदाची गरज पडली नाही, कारण भांडायला बाहेरचं कुणी नव्हतं.

मग मोजणीवाले आले. इंग्रजांची मुंबई इलाख्यातली मोजणी १८३५ च्या सुमारास इंदापुरात विंगेट आणि गोल्डस्मिड या साहेबांनी बसवली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. आजही तलाठी आपल्याला त्याच मापात सांगतो. पण मोजणी कशासाठी होती? साऱ्यासाठी. साहेब विचारत होता, "इथला सारा कोण भरणार?" जो भरणार त्याचं नाव लागलं. जमीन कोण कसतं, कोण तिथे पुरलेलं आहे, हे विचारायचं कारणच नव्हतं. कोकणात सारा गोळा करायला खोत बसलेला, त्यामुळे कागदावर खोत. भातखाचरात आणे-पैसे नीट मोजले. आपला उतार दोन-तीन वर्षं नाचणी-वरी काढून पुन्हा सोडायचा, की जंगल परत येतं. मोजणीदाराने तो सोडलेल्या वर्षी पाहिला आणि पडीक लिहिला. ज्याला आपण विसावा म्हणतो त्याला तो पडीक म्हणतो, एवढाच फरक. त्यात आपली जमीन गेली.

दुसरं कारण आपलं आपणच कबूल केलं पाहिजे. मोजणी होते उन्हाळी-हिवाळी. पावसात कोण साखळी ओढतो? आणि तुळशीचं लगीन झालं की आपली वाडी रिकामी. तेव्हा काथाच्या नि कोळशाच्या भट्ट्या, आता वीटभट्ट्या. ज्या काथावरून कातकरी नाव पडलं तो खैरही पुढे परवानगीशिवाय तोडता येईना. जो घरी नाही त्याचं नाव कोण लिहिणार?

आपला दिवेआगर-श्रीवर्धनचा भाग तेव्हा जंजिऱ्याच्या नवाबाचा, वर इंग्रज. डोंगरापलीकडे रोहा-पेण थेट इंग्रजांचं. तिकडे जंगलाचा पहिला कायदा १८६५ ला आला, कडक कायदा १८७८ ला, आणि १९२७ चा तर अजून चालू आहे. राखीव जंगल करायचं तर आधी जाहीरनामा, मग हक्क सांगायला किमान तीन महिने. जो आला नाही त्याचा हक्क संपला. फिरत्या शेतीबद्दल तर १९२७ च्या कायद्यात साफ लिहिलंय की तो हक्क नाही, सवलत आहे, आणि सरकार ती बंद करू शकतं. म्हणजे आजोबांची जमीन नातवाला मेहेरबानी म्हणून मिळाली. त्याच मेहेरबानीचं नाव दळी. माझ्या आजीचं माहेर रोह्याकडचं, तिच्या भावाकडे दळीचं पुस्तक होतं. मी ते हातात घेतलंय. वर नाईकाचं नाव, खाली बाकीची घरं, काहींची नावं वाळवीने खाल्लेली. सात-बारा कधीच झाला नाही.

आपले लोक गप्प बसले असंही नाही. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात पोलिसांनी गोळ्या घातल्या, त्यात नाग्या महादू कातकरी गेला. शाळेत हा धडा मला कुणी शिकवला नाही, संघटनेच्या शिबिरात कळलं.

शिबिरातच आणखी एक गोष्ट ऐकली, ती सांगते. समुद्रापलीकडे न्यूझीलंड देश आहे. तिथले मूळ लोक माओरी. त्यांची जमीन आपल्यासारखीच सगळ्या कुळाची. इंग्रजांनी १८६५ च्या कायद्याने तिथे जमिनीचं कोर्ट बसवलं. बघा, साल तेच! कोर्ट म्हणालं, मालक सिद्ध करा, मोजणी करून आणा, मोजणीचा खर्च तुमचा. कोर्ट लांब, महिनोनमहिने तिथे राहायचं, खायचं, उधारी व्हायची. आणि कागदावर दहापर्यंतच नावं. शेकडो माणसांची जमीन दहा जणांची झाली. दहातला एक कर्जात सापडला की सावकार त्याला गाठायचा. काही ठिकाणी माओरींनी मोजणीच्या खुंट्या उपटल्या. पारिहाका गावात १८७९ साली ते गोऱ्यांनी बळकावलेल्या जमिनीवर नांगर घेऊन गेले, मारायला नाही, नांगरायला. पकडले तर दुसरे नांगर घेऊन हजर. ५ नोव्हेंबर १८८१ ला तिथे फौज घुसली, तेव्हा पुढे पोरं गाणी म्हणत बसली होती. १९७५ साली व्हिना कूपर नावाची ऐंशीला टेकलेली म्हातारी लोकांना घेऊन राजधानीपर्यंत चालत गेली. त्यानंतर जुन्या अन्यायाची चौकशी करणारं मंडळ बसलं, आणि १९८५ पासून १८४० पर्यंतच्या मागच्या तक्रारी ऐकायला लागलं.

ऐकताना मला सारखं दळीचं पुस्तक आठवत होतं. वर नाईक, खाली वाळवी.

म्हणून माझं म्हणणं आपल्याच लोकांना आहे, सरकारला नंतर. २००६ चा वनहक्क कायदा आलाय, १ जानेवारी २००८ पासून नियम लागू आहेत. काही तरुण भाऊ म्हणतात, आपापल्या नावाचा प्लॉट मागू, चार हेक्टरपर्यंत मिळतो, सामूहिक दाव्याच्या भानगडीत कशाला पडा? मला हे पटत नाही. वैयक्तिक दावा करायचाच. तो नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो आणि विकता येत नाही, ही चांगली गोष्ट आहे. दळी, एकसाली अशा जुन्या पट्ट्यांचं मालकीत रूपांतर करायची तरतूदही त्यात आहे. पण लाकूडफाटा, कंद, मध, ओहोळातले खेकडे, गुरांचा माळ, वाघोबाचं ठाणं, हे कुणाच्या प्लॉटमध्ये बसणार? ते मागितलं नाही तर पुन्हा पडीक लिहिलं जाईल. आणि ज्याचं नाव यादीत राहिलं, विधवा, एकटी बाई, भट्टीवर गेलेलं घर, त्याचं काय? आपणच आपली दहा नावं करायची का?

कचेरीत एका साहेबाने मला ७५ वर्षांचा पुरावा मागितला. आदिवासींना ती अट नाही. ती इतर वननिवासींना आहे. आपल्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायचा. असं कुणी सांगितलं तर लेखी मागा.

पुरावा काय चालतो तेही बघा. वडीलधाऱ्यांचा जबाब लिहून घेतलेला चालतो, दावेदार सोडून दुसऱ्याचा. बांध, विहीर, जुनं घर, स्मशान, देवाचं ठिकाण चालतं. एकापेक्षा जास्त पुरावे पाहिजेत. दीडशे वर्षांनी पहिल्यांदा आजीच्या बोलण्याला कागदाची किंमत आलीय. पण आजी थांबणार नाही. गेल्या वर्षभरात आमच्या वाडीतली तीन म्हातारी माणसं गेली, जबाब एकाचाही झाला नव्हता. ती चूक माझीही आहे.

एक अडचण आहे. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे पेसा नाही, आणि वाडीची वेगळी ग्रामसभा मागणं जड जातं. समिती खालच्या गावात बसते. तर मग आपण तिथे जाऊन बसायचं, बायांनी पुढे. नियमाप्रमाणे निम्मे लोक हजर नसतील तर सभा भरत नाही, आणि समितीत दोन तृतीयांश आदिवासी नि एक तृतीयांश बाया पाहिजेतच. दाव्यांना मुदत तीन महिन्यांची, तीच जुनी तीन महिन्यांची! ग्रामसभा कारण लिहून ती वाढवू शकते. पण सभा दिवाळीनंतर लागली तर आपण भट्टीवर. म्हणून ठेकेदाराची उचल घेण्याआधी जबाब आणि हद्द दोन्ही झाले पाहिजेत. उचल घेतलेल्या घरातलं निदान एक माणूस मागे राहू द्या.

झोपडीखालच्या जागेचं वेगळं आहे. ती जंगलाची नाही, कुणाच्या तरी खाजगी नंबरात आहे, तिला हा कायदा लागत नाही. तिथे गावठाणाची मागणी लावायची, त्यावर पुढच्या अंकात लिहीन.

आमच्या वाडीने ठरवलंय, येत्या अमावास्येला काम बंद आणि हद्द फिरायची. ३३ फुटांची दोरी आणलीय, तिला १६ गाठी मारल्यात. पोरं वहीत लिहिणार, म्हाताऱ्या नावं सांगणार. ज्यांना बघायचंय त्यांनी भाकरी बांधून या. येताना जंगलखात्याच्या दंडाच्या जुन्या पावत्या असतील तर आणा, फेकू नका. कोणत्या साली कोणत्या जागी आपण कसत होतो ते त्यांनीच सहीनिशी लिहून दिलंय. चुलतीकडे पाच आहेत, चुलीच्या वर डब्यात, धुराने काळ्या झाल्यात पण वाचता येतात.

— वाडीवरची एक कार्यकर्ती