सगळ्यांच्या फायली जागेवर, आपली कुठे?

आठ मार्च आला की ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांना बायकांची आठवण होते. गुलाबाचे फूल, अल्पोपहार आणि एक व्याख्यान. अशाच एका कार्यक्रमाला पाहुणी म्हणून मीही गेले होते. माझ्याआधीचे वक्ते सांगत होते, "भगिनींनो, टेबल आवरलेले ठेवा. उद्याच्या कामांची यादी आजच करा. जिचे काम व्यवस्थित, तिची प्रगती निश्चित!" टाळ्या पडल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांत तळवलीच्या आमच्या गटातली एक मैत्रीण होती. अकरा वर्षे ती स्टोअर सांभाळते. कुठला बोल्ट कुठल्या खणात आहे, हे अंधारातही सांगेल. तिने ज्या मुलाला रजिस्टर लिहायला शिकवले तो तिसऱ्या वर्षी सुपरवायझर झाला. हिने बढती मागितली तेव्हा साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही वर गेलात तर स्टोअर कोण बघणार?"

बघा, मैत्रिणींनो! पुरुष व्यवस्थित असला की ती त्याची लायकी ठरते. बाई व्यवस्थित असली की तो तिचा स्वभाव ठरतो. आणि स्वभावासाठी पगारवाढ कोण देणार?

व्यवस्थितपणाशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते या उपदेशाशी. पाण्याची वेळ, मुलांची शाळा, सासूचे औषध आणि स्वतःची पाळी यांचा मेळ जी बाई पहाटे पाचपासून घालते, तिला यादी करायला काय शिकवता? बायकांकडे शिस्त कमी म्हणून त्या मागे राहिलेल्या नाहीत. त्यांची सगळी शिस्त दुसऱ्यांच्या कामी खर्च होते, म्हणून त्या मागे आहेत.

त्या मैत्रिणीला मी विचारले, "तुझे नेमणूकपत्र कुठे आहे?" ती म्हणाली, "ह्यांच्या फाइलीत असेल." पगाराच्या पावत्या? काही गादीखाली, काही पावसात भिजल्या. अकरा वर्षांत कोणती कामे अंगावर पडली, किती जणांना शिकवले, याची एक ओळही लिहिलेली नाही. कंपनीच्या प्रत्येक स्क्रूची नोंद ठेवणाऱ्या बाईकडे स्वतःची नोंद नव्हती.

नोंदीला किती किंमत असते, याचे उदाहरण आपल्या मुंबईतलेच आहे. ऑड्री डिकॉस्टा मॅकिनन मॅकेंझी कंपनीत स्टेनोग्राफर होत्या. साहेबांची पत्रे, वेळा, कागद सांभाळण्याचे काम. पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा पगार मात्र कमी. कंपनीचे म्हणणे असे की, अधिकाऱ्यांना जोडून दिलेल्या 'लेडी स्टेनोग्राफर' हा वेगळाच वर्ग आहे. शिवाय वेतनश्रेणी युनियनशी झालेल्या करारातून ठरली आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मार्च १९८७ मध्ये डिकॉस्टा जिंकल्या. न्यायालयाने पदाचे नाव बाजूला ठेवून प्रत्यक्ष काम पाहिले. कंपनीची ऐपत नाही, ही सबबही मानली नाही. वीसेक महिन्यांच्या फरकाची रक्कम होती सात हजारांहून थोडी जास्त. पण तो हिशेब मांडायला तारखा लागतात, वेतनश्रेणी लागते, कोणी कोणते काम केले याचा पुरावा लागतो. हवेत न्याय मिळत नाही.

आणि ती करारावरची सही विसरू नका. बायकांना कमी श्रेणीत टाकणारा तो करार युनियननेच केला होता. कराराच्या टेबलाशी आपण नसलो की आपली माणसेही आपल्याला विसरतात.

याच्या उलट उदाहरण दिल्लीचे. रस्त्यांच्या कामावर, चर खणायला जाणाऱ्या महापालिकेच्या रोजंदारी बायकांना बाळंतपणाची पगारी रजा नाकारली जात होती. त्यांची मागणी युनियनने लावून धरली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २००० रोजी निकाल दिला: मस्टरवरच्या बायकांनाही हा हक्क आहे. मस्टरवर नाव असणे आणि पाठीशी संघटना असणे, दोन्ही कामी आले.

आज समान वेतनाचा तो कायदा वेतन संहितेत सामावला आहे. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांनुसार दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. संहितांबद्दल कामगार संघटनांचे आक्षेप आहेत, त्यावर आपणही बोलू. पण जे पत्र मिळायचे आहे ते तरी मागून घेऊ.

म्हणून तळवलीच्या गटात आम्ही एक साधे काम सुरू केले आहे. प्रत्येकीची स्वतःची फाइल. नेमणूकपत्र, पगारपावत्या, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, प्रशिक्षणाचे दाखले. सोबत एक वही: आज नेमून दिलेल्या कामापलीकडे काय केले, कोणाच्या सांगण्यावरून, किती वेळ. बढती मागायची ती लेखी, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊनच.

कोणी म्हणेल, वही लिहून बढती मिळते का? एकटीला मिळेलच असे नाही. एकटीचा अर्ज टेबलावरून खाली जायला वेळ लागत नाही. पण एकाच खात्यातल्या दहाजणींच्या वह्या समोरासमोर उघडल्या की कळते, हे माझे नशीब नाही, ही इथली रीत आहे. तिथून पुढे बोलणे बदलते.

तळवलीसारख्या गावाला कागदाचे मोल सांगावे लागत नाही. एमआयडीसी आणि सिडकोने या पट्ट्यातल्या जमिनी घेतल्या तेव्हापासून सातबाऱ्याचे उतारे घराघरांत जपले गेले. त्या उताऱ्यांवर बाईचे नाव किती ठिकाणी होते, ते ज्याने त्याने आठवावे. जमिनीच्या वेळी जे झाले ते नोकरीच्या वेळी होऊ द्यायचे का?

ती स्टोअरवाली मैत्रीण गेल्या बैठकीला नवी फाइल घेऊन आली. वर मोठ्या अक्षरांत स्वतःचे नाव. आत तीनच कागद होते. चौथा, बढतीच्या अर्जाचा, आम्ही तिथेच बसून लिहिला. साहेब, स्टोअर कोण बघणार ते तुम्ही बघा!