आम्हाला साधं म्हणू नका

घोडेगाव सोडून भीमाशंकरकडं निघालं की शिनोली लागते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी या रस्त्यानं गाड्यांची रांग असते. कुणीतरी थांबतं, हिरव्या रानाचं रील काढतं आणि वर लिहितं, ‘गावाकडची साधी माणसं, टेन्शन नसलेलं आयुष्य.’ मी याच गावचा. या वाक्याचा मला राग येतो.

साधं काय आहे इथं? उन्हाळी कांदा काढला की तो लगेच विकायचा की बराखीत भरायचा, हे ठरवावं लागतं. भरला तर सडणार किती, दिवाळीपर्यंत मंचरला भाव काय राहील, नाशिककडं लागवड किती झालीय, निवडणूक जवळ आहे का, हे सगळं माझ्या चुलत्यांच्या डोक्यात असतं. शिक्षण सातवी. हेच डोकं शेअर बाजारात चालवलं असतं तर लोकांनी त्यांना ॲनालिस्ट म्हटलं असतं.

8 डिसेंबर 2023 ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली आणि भाव कोसळले. मे 2024 मध्ये बंदी उठली, तीही 40 टक्के शुल्क आणि किमान निर्यात दराची अट लावून. शहरात कांदा महागला की ती बातमी होते; इथं पडला की ते आमचं नशीब. माणसं साधी आहेत, सोसतील, असं एकदा ठरलं की त्यांना सोसायला लावणं सोपं जातं.

पाण्याचंही तेच. ज्या आंबेगावामुळं तालुक्याला नाव मिळालं, ते गाव डिंभे धरणात बुडालं. कुकडी प्रकल्पाचं पाणी कालव्यानं पार करमाळ्यापर्यंत जातं. जावं, तिथंही शेतकरीच आहे. पण धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या आदिवासी वाड्यांमध्ये उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन वणवण करतात. पावसाळ्यातल्या रीलमध्ये त्याच वाड्या ‘स्वर्ग’ असतात.

आणि शेतीची लाईट. रात्रपाळीच्या आठवड्यात मध्यरात्री बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जावं लागतं. शेजारच्या उसात बिबट्या असू शकतो. हे टेन्शन नसलेलं आयुष्य!

तुम्ही म्हणाल, कौतुकच तर करतोय, चिडता कशाला? गावात माणुसकी नाही का? आहे. कांद्याची लागण आजही सावडीनं होते. पण सावड म्हणजे भोळेपणा नव्हे. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या, हिशोब चोख. याच गावात बांधावरून भावकी कोर्टात जाते, जातही पाहिली जाते. आम्ही तुमच्याइतकेच चांगले आणि तुमच्याइतकेच वाईट आहोत. म्हणून आमच्या साधेपणाचं कौतुक नको; दिवसा लाईट, उन्हाळ्यात पाणी आणि रातोरात न बदलणारं निर्यात धोरण हवं.

रील काढा, हरकत नाही. फक्त खाली ‘साधी माणसं’ऐवजी त्या दिवशीचा मंचरचा कांद्याचा भाव लिहा.