नेरळ : गाव की शहर?

(खास प्रतिनिधी)

कर्जत आणि खालापूर या शेजारच्या तालुक्यांत नागरी कारभाराची अनेक रूपे नांदतात. खोपोली व कर्जत येथे नगरपरिषदा, माथेरानला गिरिस्थान नगरपरिषद, खालापूरला नगरपंचायत. माथेरानच्या पायथ्याचे नेरळ मात्र ग्रामपंचायतीतच राहिले.

२०११ च्या जनगणनेत खोपोलीची लोकसंख्या ७१,१४१, कर्जतची २९,६६३ आणि माथेरानची अवघी ४,३९३ होती. नेरळची वस्ती माथेरानहून कितीतरी मोठी आहे. तरीही माथेरान पर्यटनामुळे १९०५ पासून शहर ठरले. २०१४ मध्ये राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे ठरवले. त्यात खालापूर बसले. तेथे निकष तहसील कचेरीचा होता, वस्तीचा नव्हे. लोकल गाड्यांनी वाढवलेले नेरळ त्यामुळे बाहेर राहिले.

हा प्रश्न केवळ पाटीचा नाही. नगरपरिषदेला मुख्याधिकारी आणि स्वतंत्र तांत्रिक कर्मचारी मिळतात. ग्रामपंचायतीचे मनुष्यबळ व उत्पन्न तुटपुंजे असते. परिणामी इमारती शहराच्या, पण सांडपाणी व कचऱ्याची व्यवस्था गावाची. अर्थात, शहर होताच करांचा बोजा वाढतो आणि ग्रामीण योजना हातच्या जातात. लगतच्या आदिवासी वाड्यांना ही झळ अधिक बसेल.

चीनमध्ये ‘झेन’ या नगराच्या प्रशासनाखाली भोवतालची गावेही येतात. आपल्याकडे हद्दीच्या रेषेवर कारभारच बदलतो. म्हणूनच ती रेषा राजकीय सोयीने आखली जाऊ नये. लोकसंख्या, घनता आणि बिगरशेती रोजगार हे निकष १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातच आहेत. नेरळचा निर्णय त्यांवरच व्हायला हवा.