चीनला जाताय? आधी तासांचा हिशेब मागा

वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीत, कलानगरात, खेरवाडीत राहणाऱ्या आणि चीनच्या ग्रुप टूरचा विचार करणाऱ्या सगळ्यांना ही विनंती आहे. निवृत्तीचे पैसे खर्चून पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या जोडप्यांनी ती जरूर वाचावी.

ऑक्टोबर २०२५मध्ये भारत-चीन थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली. आता आठ दिवसांत सहा शहरं दाखवणारा कार्यक्रम हातात पडला, की पैसे वसूल झाल्यासारखं वाटेल. पण अॅडव्हान्स भरण्याआधी एकच गोष्ट करा. कागद-पेन्सिल घ्या आणि प्रत्येक दिवसाचे तास मांडा. बसमध्ये किती, जेवणात किती, दुकानात किती, आणि जे पाहायला निघालो तिथे किती?

बीजिंगचा जुना राजवाडाच ७२ हेक्टरांवर पसरला आहे. दक्षिणेच्या दारातून उत्तरेच्या दाराबाहेर पडायला जवळजवळ एक किलोमीटर सरळ चाल आहे, तीही दगडी फरशीवरून. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दीड तासात तो झेपत नाही. त्याच दुपारी चीनची भिंत आणि रात्री गाडी असेल, तर भिंतीवर फक्त फोटो निघेल.

दुकानांचे थांबे नीट वाचा. सुचौला रेशीम, हांगचौला चहा, बीजिंगला जेड, असे ‘कारखाने’ कार्यक्रमात हमखास असतात. चीनमध्ये १ ऑक्टोबर २०१३पासून लागू झालेल्या पर्यटन कायद्याच्या ३५व्या कलमानुसार, अवास्तव स्वस्त टूर विकून खरेदीच्या दलालीतून पैसे काढायला तिथल्या कंपन्यांना मनाई आहे. प्रवाशांच्या संमतीशिवाय ठरावीक दुकानात नेता येत नाही. नेलंच, तर टूर संपल्यापासून ३० दिवसांत माल परत करून पैसे मागता येतात. मात्र दुकानाचं नाव तुम्ही सही केलेल्या कागदावर असेल, तर ती तुमची संमतीच मानली जाऊ शकते. म्हणून सहीआधीच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

वाचलेला वेळ कुठे द्यायचा? पुलकेशी दुसरा याच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला युआन श्वांग आपण शाळेत शिकलो. त्याने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी शिआनमध्ये ६५२ साली पॅगोडा बांधला गेला. तो आजही उभा आहे. शिआनचेच प्रसिद्ध मातीचे सैनिक पाहून बस थेट स्टेशनवर जाणार असेल, तर पॅगोडासाठी दोन तास मागा.

आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेला हा तरुण १९३८मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी तिथेच वारला. त्यांचं स्मारक श-च्याच्वांगला आहे, बीजिंगहून वेगवान रेल्वेने साधारण दीड तासावर. मराठी माणसांनी भरलेली बस तिथे जात नसेल, तर ती जावी असं आपणच म्हणायला हवं.

थोडी तयारीही करा. राजवाडा एरवी सोमवारी बंद असतो आणि तिकीट पासपोर्टवर आधी काढावं लागतं. १ ऑक्टोबरपासूनच्या राष्ट्रीय सुट्टीच्या आठवड्यात सगळीकडे तोबा गर्दी असते, तो टाळा. तिथल्या साध्या इंटरनेटवर व्हॉट्सअॅप आणि गूगल चालत नाही, हे मुलांना सांगून ठेवा. तिथे पैसे कसे भरायचे, हेही कंपनीला आधीच विचारून ठेवा.

एकट्याने विचारलं तर ‘ग्रुप टूरमध्ये बदल होत नाही’ असं उत्तर मिळेल. पाच-सहा कुटुंबांनी मिळून विचारा. ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत कार्यक्रम मोठ्याने वाचा, दोन शहरं कमी करा, दुकानं काढायला सांगा. ऐकलं नाही तर दुसऱ्या कंपनीकडे जा. पैसे आपले आहेत, दिवसही आपलेच आहेत. ते कसे जावेत, हे आपणच ठरवू या.