आधी तपासणी, मग खोलणी!



ज्वारीची मळणी अर्ध्यावर येते आणि ट्रॅक्टरच्या इंजिनात ठकठक सुरू होते. मिस्त्री येतो, दोन मिनिटे उभा राहतो आणि निकाल देतो, "इंजिन खोलावे लागेल." पिस्टन, लायनर, बेअरिंग अशी यादी निघते. कापसाचे आलेले पैसे त्या यादीत जिरतात. आवाज कशाचा होता, हे शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. नाडी न पाहता पोट फाडणाऱ्या वैद्याला आपण उंबरा ओलांडू देत नाही. मग इंजिनाच्या बाबतीतच मुकाट का बसतो?

इंजिन मुके नाही. ते काय बोलते, ते ऐकायला शिकले पाहिजे.

पहिले काम, डिपस्टिक पाहणे. ऑइल खाली गेले असेल, पातळ होऊन त्याला डिझेलचा वास येत असेल, किंवा त्यात धातूची चकाकी दिसत असेल, तर इंजिन चालवायचे नाही.

मग कान द्यावा. गार इंजिनात वाजणारा आणि तापल्यावर कमी होणारा आवाज बहुधा पिस्टन-लायनरच्या झिजेचा. तो लगेच जीव घेत नाही. ओझे पडताच खोल, जड धपधप येते आणि ऑइलचा दाब उतरतो, तेव्हा संशय बेअरिंगचा. इंजिन तिथेच बंद करा. हट्टाने चालवले तर कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फुटतो. हातोडी मारल्यासारखा कडक आवाज आणि जोडीला काळा धूर असेल, तर आधी नोझल पाहावे.

साध्या पंपाच्या तीन सिलेंडरी ट्रॅक्टरवर मंद चालीत एकेका नोझलच्या पाइपाचे नट किंचित सैल करावे. ज्याच्या वेळी ठकठक बसते, दोष त्या सिलेंडरचा. मग इंजिन बंद करून ते नोझल शेजारच्याशी बदलावे. आवाज नोझलाबरोबर गेला तर दोष नोझलाचा. जागीच राहिला तर आतला. डिझेलच्या फवाऱ्यापुढे हात धरू नये, तो कातडी भेदून आत शिरतो. नव्या कॉमन रेल इंजिनावर हा प्रयोग अजिबात करू नये.

विहिरीवरच्या जुन्या एक सिलेंडरी इंजिनात फ्लायव्हीलची चावी सैल झाली, तरी आवाज थेट बेअरिंगसारखा येतो. एका चावीपायी अख्खा क्रँक उतरवला गेला, तर त्याला दुरुस्ती म्हणायचे की लूट?

जाणत्या मिस्त्रीशी आमचे भांडण नाही. तो आधी ऐकतो, मग पाना उचलतो. भांडण आहे ते अंदाजाचे बिल शेतकऱ्याच्या माथी मारणाऱ्या धंद्याशी. चुकलेल्या अंदाजाचा खर्च ज्याला भरावा लागत नाही, तो तपासणी कशाला करील?

पुढचा धोका याहून मोठा आहे. जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यापायी इंजिनात इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली आणि तिचा दोष वाचायला कंपनीचे यंत्र लागते. धूर कमी व्हावा, याला आमचा विरोध नाही. पण विकत घेतलेल्या ट्रॅक्टरचे दुखणे मालकालाच कळू नये, ही कुठली मालकी? केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत शेती अवजारेही घेतली. हक्क कागदावर राहिला तर त्याने मळणी होत नाही.

म्हणून आमच्या मागण्या:

1. खोलण्याआधी दोष कोणता आणि तो कसा ओळखला, हे लिहून मिळाले पाहिजे.
2. काढलेला प्रत्येक जुना भाग मालकाच्या हातात परत आला पाहिजे.
3. प्रत्येक ट्रॅक्टरबरोबर दुरुस्तीचे पुस्तक मराठीत मिळाले पाहिजे.
4. दोष वाचणारे यंत्र गावच्या मिस्त्रीलाही विकत मिळाले पाहिजे.

पहिल्या दोन मागण्यांसाठी सरकारकडे जायची गरज नाही. गावाने ठरवावे: लेखी निदान नाही, तर पान्याला हात नाही!