सतराशे साठ जिन्नसांची माती

नवख्या बागवानाला लुटायचं असेल तर त्याला रोप विकू नये, माती विकावी. रोप एकदा घरी गेलं की गिऱ्हाईक हातचं गेलं. माती मात्र दर हंगामाला ‘मेली’, ‘दमली’, ‘कस गेला’ असं सांगून त्याच गिऱ्हाइकाच्या गळ्यात पुन्हा मारता येते. हे गणित ज्यांना उमगलं त्यांनी पुण्या-मुंबईत एक अख्खा बाजार उभा केला आहे. त्यांची यादी बघा: कोकोपीट, पर्लाइट, व्हर्मिक्युलाइट, गांडूळखत, निंबोळी पेंड, मोहरीची पेंड, हाडांचा चुरा, समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक अ‍ॅसिड, मायकोरायझा, ट्रायकोडर्मा, एप्सम सॉल्ट. एवढी तयारी कशासाठी? बाल्कनीतल्या कुंडीत पुदिना लावण्यासाठी! भाजीवालीकडून आणलेल्या जुडीतली काडी ओल्या मातीत खोचली तरी जो फुटतो, तो पुदिना.

मला राग या जिन्नसांचा नाही. यातले काही कामाचे आहेत. राग आहे तो हे सगळं ‘घरच्या घरी, शंभर टक्के ऑरगॅनिक’ म्हणून खपवणाऱ्यांचा. बारा पिशव्या बारा दुकानांतून मागवायच्या, घमेल्यात कालवायच्या आणि त्याला घरगुती म्हणायचं? यात घरचं काय आहे, घमेलं सोडून?

मुळात मिश्रणाची ही पोथी आली कुठून? १९३०च्या दशकात लंडनजवळच्या जॉन इनेस संस्थेत लॉरेन्स आणि न्यूवेल या दोघांनी कुंडीतल्या मातीचं पद्धतशीर प्रमाण ठरवलं: सात भाग वाफवलेली पोयटा माती, तीन भाग पीट, दोन भाग वाळू, वर थोडं खत आणि खडूची भुकटी. काम चोख होतं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेलं शेवाळ. ते आम्लधर्मी असतं, म्हणून त्यावर उतारा खडूचा. पुढे १९८१ साली मेल बार्थोलोम्यू या अमेरिकन माणसाच्या चौरस फुटी बागेच्या पुस्तकाने पीट आणि व्हर्मिक्युलाइट घरोघरी नेलं. त्यांच्याकडे जे स्वस्त आणि हाताशी होतं ते त्यांनी वापरलं. अक्कल होती ती या ‘हाताशी’मध्ये, आणि आपल्या नकलाकारांनी नेमकी तेवढीच गाळली.

आपल्याकडे पीट नाही, म्हणून कोकोपीट आलं. पीटवरचा तो उतारा, चुना, मात्र जागचा हलला नाही! देशावरची काळी माती बेसॉल्टची, बहुतेक ठिकाणी आधीच विम्लधर्मी, जागोजाग चुनखडीचे खडे असलेली. त्यावर बोअरचं जड पाणी. कुंडीच्या काठावर पांढरी खरपुडी धरते ती त्याचीच. अशा मातीत हे लोक चुना घालायला सांगतात, चुलीची राख घालायला सांगतात, अंड्याची टरफलं घालायला सांगतात. टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. विम्लधर्मी मातीत ते विरघळत नाही, वर्षभराने कुंडी उपसली तर जसंच्या तसं सापडतं. कोकणातल्या जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत चिमूटभर चुन्याला अर्थ आहे. पण पोथीत कोकण नाही आणि देशही नाही.

आता कोकोपीट. काथ्याच्या उद्योगात उरणारा हा भुसा. पाणी भरपूर धरतो, वजनाला हलका, हे त्याचे खरे गुण. पाच किलोची वीट भिजवली की फुगून ७० लिटरांच्या आसपास होते आणि नवखा हरखतो. पण नारळाची सोडणं अनेक ठिकाणी खाऱ्या पाण्यात कुजवतात, शिवाय त्या भुशात मुळातच सोडियम-पोटॅशियम भरपूर. तो धुतल्याशिवाय वापरला तर रोपाची पानं कडेने करपतात. नीट करायचं तर आधी धुवावा आणि मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून पुन्हा धुवावा. व्यावसायिक रोपवाटिका तसंच करतात. कॅल्शियम नायट्रेट हे कारखान्यात तयार होणारं रासायनिक खत आहे. म्हणजे काम नीट केलं तर ‘ऑरगॅनिक’चा शिक्का गेला, आणि शिक्का सांभाळला तर रोप गेलं. यावर विक्रेते काय म्हणतात? ‘भिजवा, फुगेल, मिसळा.’ बस्स. त्यातही कळस म्हणजे, कोकणात ज्यांच्या मागच्या अंगणात सोडणांचा ढीग पडलाय आणि रोज सकाळी बंबात जळतोय, तेही तमिळनाडूहून आलेली वीट कुरिअरने मागवतात.

पण या सगळ्यांहून मोठा विनोद बुरशीनाशकाचा आहे. मिश्रणात ट्रायकोडर्मा घाला म्हणतात. ट्रायकोडर्मा ही स्वतः एक बुरशी. मुळं कुजवणाऱ्या बुरश्यांना ती दाबते, म्हणून उपयोगी. पुढच्याच वाक्यात, ‘फंगस येऊ नये म्हणून’ चमचाभर पिवळसर पावडर टाका म्हणतात. ती पावडर असते कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेबची. कार्बेन्डाझिमपुढे ट्रायकोडर्मा टिकत नाही. एका हाताने पैसे मोजून जी बुरशी आणली ती दुसऱ्या हाताने पैसे मोजून मारली! आणि ‘शंभर टक्के सेंद्रिय’ कुंडीत पडलेलं हे रसायन कुठलं, तर युरोपने २०१४ मध्येच ज्याची मान्यता संपू दिली ते. मॅन्कोझेबची मान्यताही त्यांनी २०२०च्या अखेरीस काढून घेतली. याच कुंडीतली कोथिंबीर ‘केमिकल-फ्री’ म्हणून शेजारणीला दिली जाते.

कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर घालण्याचं व्रतही असंच. निचरा व्हावा म्हणून म्हणे! स्वयंपाकघरातला जाड स्पंज घ्या, पाण्यात बुडवून आडवा धरा. पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज हलकेच उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. पाणी तेवढंच, स्पंज तोच, बदलली ती फक्त उंची. कुंडीतल्या मातीचंही असंच असतं: पाणी घातल्यावर तळाशी काही बोटं उंचीचा थर चिंब राहतो, कारण बारीक मातीतलं पाणी केशाकर्षणाने अडकून बसतं आणि मोठ्या पोकळ्यांच्या खड्यांत सहजी उतरत नाही. खडे घातले म्हणजे तो चिंब थर उचलून थेट मुळांपाशी नेऊन ठेवला. निचरा करायचा तो अख्ख्या मिश्रणाने. भोकावर खापरीचा एक तुकडा माती वाहून जाऊ नये इतक्यापुरता पुरे.

मग कुंडीतल्या मातीला हवं तरी काय? हवा, पाणी आणि कुजलेला पदार्थ. नुसती काळी माती भरली तर ओली असताना फुगते, वाळली की आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि मधोमध भेगा पडून वीट होते. घातलेलं पाणी कडेने सरळ खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच. म्हणून तिला मोकळी करायला काहीतरी भरड लागतं. पर्लाइट तेच करतो. ज्वालामुखीची काच नऊशे अंशांच्या आसपास तापवून फुलवतात, ती ही. हेच काम विटांचा चुरा करतो, भाताचं तूस करतं, उसाची चिपाडं करतात, सोडणांचे बारीक तुकडे करतात. यातलं एक तरी महाराष्ट्राच्या कुठल्याही कोपऱ्यात मिळतंच.

हे सगळं आपल्याच माणसांनी कधीच दाखवून दिलंय, आणि म्हणूनच मला ही परदेशी पोथी जास्त झोंबते. श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला, द्राक्ष बागायतदारांपासून घराच्या गच्चीपर्यंत लोकांना स्वतः प्रयोग करून एकमेकांना सांगायला शिकवलं, ‘विपुलाच सृष्टी’ लिहिलं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं आणि घरचा कचरा यांवर गच्चीत भाज्या-फळं काढली. माती नावापुरती, वरच्या थराला. यामागे पक्का हिशेबही आहे. इमारतींच्या भारासाठीचं आयएस ८७५ हे मानक वापरातल्या सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा वापरभार धरतं. ओल्या मातीचा नुसता वीतभराच्या निम्मा थरही त्याच्या पलीकडे जातो. म्हणजे गच्चीवर ट्रकभर लाल माती चढवणारा बागवान खालच्या कुटुंबाच्या डोक्याशी खेळतो आहे. पालापाचोळा हलका असतो आणि फुकट असतो. फुकट असतो म्हणूनच कुणी त्याचं नाव घेत नाही.

यादीत एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे वेळ. वेळ पिशवीत भरून विकता येत नाही, त्यामुळे अर्धकच्चं खतच ‘रेडी’ म्हणून विकलं जातं. कच्चं शेण कुंडीत घातलं तर ते तिथेच तापतं आणि कोवळी मुळं होरपळतात. त्यात हुमणी असली तर मुळं खाऊन टाकते ते वेगळंच. अर्धवट कुजलेला पाला घातला तर कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र स्वतःकडे ओढतात आणि रोप पिवळं पडतं. मग पिवळ्या रोपासाठी नवी बाटली! पैसे वाया घालवण्याचं हे चक्र थांबवणं अगदी सोपं आहे. तयार मिश्रणात मूठभर मेथी पेरा. चार-पाच दिवसांत तरारून उगवली तर खत मुरलंय. कोंब जळके, वाकडे आले किंवा आलेच नाहीत तर अजून थांबा.

आणि हे थांबणं तुमच्या स्वयंपाकघरापासून सुरू होतं. भोकं पाडलेला डबा, त्यात भाजीची देठं, सालं, चहाचा धुतलेला चोथा, आणि ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला. आठवड्यातून एकदा-दोनदा खालवर करायचं. दुर्गंधी आली तर ओल जास्त, पाला कमी. राखाडी, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की घाबरून फवारणी करणारे महाभाग आहेत. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या, कचरा त्या झपाट्याने फस्त करतात आणि रोपाला हातही लावत नाहीत. आपल्या हवेत दोन-तीन महिन्यांत तळाशी काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाचा पदार्थ तयार होतो. तो एक भाग, पोयटा किंवा लाल माती एक भाग, भरड काहीतरी एक भाग. काळी माती असेल तर ती निम्मी करा आणि भरड वाढवा. कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. ओलसर करून दोन-तीन आठवडे सावलीत झाकून ठेवा. मूठ आवळली की गोळा व्हावा, बोटाने टोचलं की फुटावा. झालं. हंगाम संपला की हीच माती उपसायची, वाळवायची, खाली बसली असेल तेवढं नवं खत मिसळायचं आणि पुन्हा भरायची.

असं न करता आपण काय करतो? आपला ओला कचरा पुण्याजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगी या कचरा डेपोच्या गावांच्या माथी मारत आलो, मुंबईत देवनारच्या डोंगरावर ओतत आलो. देवनारची कचराभूमी १९२७पासूनची, आणि २०१६ मध्ये तिच्या आगीचा धूर अख्ख्या मुंबईने हुंगला. कचरा घालवून झाला की तिकडे सेंद्रिय खताची प्लास्टिकची पिशवी मागवतो आणि तिचा फोटो काढून निसर्गप्रेम जाहीर करतो. फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा हेच निसर्गप्रेमी ‘शहराची कोंडी’ म्हणून चिडले होते. ज्यांच्या विहिरी आपल्या सालपटांनी नासल्या त्यांच्यावर!

फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीतली झाडं पानं झाडायला लागतील. सफाईवाला ती कोपऱ्यात गोळा करेल आणि कुणीतरी साहेब म्हणतील, ‘पेटवून टाक रे.’ त्या क्षणी तिथे उभे राहा. उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार रुपये दंड, असा राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६चा आदेश आहे; तो साहेबांना ऐकवा. सफाईवाल्याच्या हाताला रिकामी पोती द्या आणि त्याच्या कष्टाचे पैसेही द्या. भरलेली पोती जिन्याखाली रचून ठेवा. साहेबांनी कटकट केली तर मिटिंगमध्ये विषय काढा, आणि त्यांच्या गॅलरीत उभी असलेली ‘प्रीमियम ऑरगॅनिक’ची पिशवी सगळ्यांदेखत किमतीसकट वाचून दाखवा.