अडगळीतला संगणक आणि घरातला हुनर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ची नेहमीची मोफत दुरुस्ती बंद केली. बातमी आली आणि गेली. पण तिचा संबंध बारामतीच्या कापड दुकानांपासून इंदापूर, भिगवण, निमगाव केतकीच्या गॅरेज आणि किराणा दुकानांपर्यंत सर्वांशी आहे. आपल्या गल्ल्याशेजारी ठेवलेला सात-आठ वर्षांपूर्वीचा संगणक आजही चालतो, बिल काढतो. पण ‘विंडोज ११’ त्याच्यावर नियमाप्रमाणे चढत नाही, कारण त्याचा प्रोसेसर जुना ठरला आहे. विक्रेता सांगतो, नवा घ्या. नवा येतो, जुना अडगळीत पडतो आणि एक दिवस भंगाराच्या गाडीवर जातो.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, तो भंगारात घालण्याआधी घरातल्या त्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्यावा, ज्याला आपण रोज बोल लावतो. प्रत्येक मोहल्ल्यात असे एखादे पोर असतेच. ते राउटर उघडून बसते, जुन्या मोबाइलचा कॅमेरा करते, रात्री उशिरापर्यंत तारा जोडते. वडील म्हणतात, ‘वेळ वाया घालवतोय.’ हेच पोर मोटार वायंडिंग शिकायला उस्तादाकडे बसले असते तर आपण त्याला कामाचे म्हटले असते. वस्तुतः दोन्ही एकाच जातीची कामे आहेत. दोन्हींत हात काळे होतात, चूक होते, पुन्हा उघडावे लागते आणि त्यातूनच हुनर येतो.

आमच्या कापडवाल्यांनी तर संगणकाला परका मानूच नये. १८०४ साली फ्रान्सच्या लिओं शहरात जॅकार्ड नावाच्या कारागिराने मागावर छिद्रे पाडलेले पुठ्ठे बसवले. छिद्र असेल तिथे ताण्याचा धागा उचलायचा, नसेल तिथे नाही, अशी नक्षी आपोआप विणली जाऊ लागली. छिद्रांच्या पत्त्यांची हीच कल्पना पुढे हॉलरिथने अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत मोजणीसाठी वापरली, आणि त्याच्या धंद्यातून पुढे आयबीएम ही कंपनी उभी राहिली. म्हणजे ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन खुणांवर चालणारे यंत्र विणकराने आधी वापरले, कारकुनाने नंतर. नेटवर्कची तार घ्या. तिच्यात आठ बारीक तारा असतात, दोन-दोन तारांना पीळ दिलेला असतो आणि चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळा असतो, म्हणजे एका जोडीचा आवाज दुसरीत मिसळत नाही. सुताचा पीळ ओळखणाऱ्याला हे समजायला किती वेळ लागेल?

आता मुद्द्याचे बोलू. अशा जुन्या संगणकाचे दुकानात काय काम? पहिले काम हिशेब सांभाळण्याचे. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, हिशेबाची कागदपत्रे जपावी लागतात. आपल्या बहुतेक दुकानांत ही सहा वर्षे एकाच डिस्कवर असतात. वीज गेली, आली, डिस्क बसली की उधारीची वही, मालाचा साठा, गिऱ्हाईकाची मापे, सगळे एकदम गेले. कागदी वही निदान अर्धी तरी वाळवता येत असे.

कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, कर्जव्यवहाराविषयी आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि साक्षीदार ठेवावेत, अशी तिची शिकवण आहे. एका डिस्कवरचा हिशेब हा साक्षीदाराविना व्यवहार आहे, असे आम्ही म्हणतो. संगणकातील जाणकार तीन-दोन-एकचा नियम सांगतात: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या जागी. जुना संगणक घरी ठेवून त्यावर लिनक्स आणि सांबा ही मोफत सॉफ्टवेअर बसवली की दुसरी प्रत तयार झाली. दुकान आणि घर एकाच इमारतीत असेल तर एक तार पुरते. ही तांब्याची तार एका सलग टप्प्यात १०० मीटरपर्यंत चालते. टोकाला तारा बसवण्याचा क्रमही ठरलेला आहे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. चिमटा हातात घेऊन चार-पाच टोके वाया घालवली की पोराचा हात बसतो. तिसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती भावाच्या किंवा सासऱ्यांच्या घरी ठेवावी.

कोणी म्हणेल, क्लाउड आहे की! जरूर वापरा, ती तिसरी प्रत म्हणून उत्तम. पण नेट बंद पडले, पासवर्ड हरवला, वर्गणी थकली, तर आपलीच वही आपल्याला परक्याच्या दारात मागावी लागते.

खर्चाचेही पाहू. जुना संगणक सरासरी ५० वॅट घेतो असे धरले आणि तो चोवीस तास चालू ठेवला, तर महिन्याला ३६ युनिट जळतात. म्हणून तो रात्री तासभर चालू करून प्रत घ्यावी आणि बंद करावा. सतत चालू ठेवायचाच असेल तर तळहाताएवढे रास्पबेरी पायसारखे बोर्ड मिळतात. इंग्लंडमध्ये २०१२ साली ते मुलांनी संगणक शिकावा म्हणून काढले गेले. सरासरी ५ वॅट धरले तर महिन्याला चार युनिटही होत नाहीत. पोराने आधी अडगळीतल्या यंत्रावर शिकावे आणि गरज दिसली तरच बोर्ड घ्यावा.

गरज मोजण्याचा धडा आपल्याच महाराष्ट्रात मिळाला आहे. १९९८ साली कोल्हापूर-सांगली भागात वारणा येथे सरकारने ७० गावांचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू केला. गावोगावी संगणक केंद्रे झाली. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी पाहिले, तर शेतकरी त्या संगणकांवर मुख्यतः उसाचे वजन आणि खताचा हिशेब एवढेच पाहत होते. त्यांनी काही गावांत साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम कमी खर्चात करून दाखवले. म्हणजे यंत्र मोठे असून भागत नाही, काम कोणते हे आधी ठरवावे लागते.

बारामतीत या विषयाची सुरुवात आज झालेली नाही. २००० नंतरच्या दशकात विद्या प्रतिष्ठानच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेत खेड्यांतील संगणकाच्या वापरावर आंतरराष्ट्रीय परिषदा भरल्या. आयआयटी मद्रासच्या मंडळींनी तयार केलेले कोरडेक्ट हे बिनतारी तंत्र या परिसरात आले. त्यातून एकाच जोडणीवर फोन आणि ३५ ते ७० किलोबिट वेगाचे इंटरनेट मिळे. आयआयटी मुंबईच्या ‘अ‍ॅक्वा’ या शेतीसल्ल्याच्या उपक्रमात बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचे तज्ज्ञ शेतकऱ्यांना उत्तरे देत. पुढे मोबाइल इंटरनेट आले आणि कोरडेक्ट मागे पडले. जगात असे होतच असते. पण आपल्या समाजाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: इतके सगळे आपल्या गावात झाले, त्यातून आपल्या किती मुलांच्या हाती काम आले? संस्था आल्या, यंत्रे आली. आपण गिऱ्हाईक राहिलो. कॅमेरे बसवायला, बिलिंगची मशीन जोडायला, नेटची तार ओढायला आपण बाहेरचा माणूस बोलावतो आणि तो सांगेल ती रक्कम देतो.

यात आणखी एक धोका आहे. बाहेरचा माणूस कॅमेऱ्याचा पेटी-पासवर्ड तसाच ठेवून जातो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या विषाणूने अशाच न बदललेल्या पासवर्डचे लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अमेरिकेतील मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने दुरुस्ती न घेतलेले विंडोज संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. दुकानाच्या शटरला आपण दोन कुलपे लावतो, आणि गल्ल्यातील संगणकाला कारखान्यातून आलेली किल्ली! घरचे पोर जाणते असेल तर पासवर्ड बदलणे, दुरुस्ती चढवणे, गिऱ्हाइकांचे वाय-फाय हिशेबाच्या संगणकापासून वेगळे ठेवणे ही कामे एका दुपारी होतात.

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. आपल्यातील कित्येक दुकानांत विंडोज आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर चोरून बसवलेले असते. मापात काटा मारणे आपण हराम मानतो. मग दुसऱ्याच्या मेहनतीचा माल पैसे न देता वापरणे हलाल कसे? १९८८ साली कुवेतमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या बैठकीने लेखक आणि संशोधक यांचे हक्क शरीअतनुसार संरक्षित मानले आहेत. हिशेबाची काही प्रसिद्ध सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतात. ती हवी असतील तर रीतसर विकत घ्यावीत. बाकीच्या संगणकांसाठी लिनक्स आहे, ज्याच्या मालकांनीच ते वापरण्याची, वाटण्याची आणि बदलण्याची मुभा दिली आहे. १९९१ साली फिनलंडमधील २१ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, ते हौस म्हणून सुरू केले. आज जगातील बहुतेक मोठे सर्व्हर त्यावर चालतात. केरळने आपल्या सरकारी शाळांत हाच मार्ग धरला.

इंग्रजीचे काय, हा प्रश्न आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांना नेहमी पडतो. उर्दूची नस्तालीक लिपी यंत्रावर बसणार नाही असे एके काळी मानले जाई. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांनी नूरी नस्तालीक यंत्रावर आणली, १९९४ साली इनपेज आले आणि उर्दू वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या बदलल्या. लिनक्स आता मराठीत आणि उर्दूतही दिसते. आज्ञांचे दोन-चार डझन इंग्रजी शब्द पाठ करावे लागतात. गॅरेजमधील पोरे क्लच, गॅस्केट, पिस्टन हे शब्द कोणत्या शाळेत शिकली? बाराव्या-तेराव्या शतकातील अल-जझरी हा दियारबकिरच्या दरबारातील कारागीर. त्याने १२०६ साली आपल्या यंत्रांचा ग्रंथ पुरा केला, आणि दुसऱ्या कारागिराला तेच यंत्र पुन्हा करता यावे अशा रीतीने मापे आणि चित्रे दिली. आपल्या पोरांनीही काय जोडले, कुठे अडले, हे आपल्या भाषेत वहीत उतरवावे.

मुलगा किंवा मुलगी संगणकावर वाईट गोष्टी पाहील, ही आईवडिलांची भीती खोटी नाही. पण ती भीती खोलीत एकट्याने पाहिलेल्या मोबाइलची आहे. दुकानात किंवा बैठकीच्या खोलीत, सर्वांच्या डोळ्यांसमोर, यंत्र उघडून बसलेल्या मुलाला तेवढी फुरसत राहत नाही.

तेव्हा व्यापारी बांधवांना विनंती आहे. आपल्या गावच्या मदरशात, शाळेत किंवा जमातीच्या सभागृहात आठवड्यातून एक संध्याकाळ या कामाला मागून घ्या. आपला जुना संगणक तिथे द्या. देण्यापूर्वी डिस्क पूर्ण पुसून घ्या, कारण नुसते ‘डिलीट’ केल्याने गिऱ्हाइकांची आधार आणि बँकेची माहिती पुसली जात नाही. ती आपल्याकडे अमानत आहे. भंगाराच्या धंद्यातील बांधवांनी चालण्याजोगी यंत्रे आणि रॅम बाजूला काढून वजनाच्या भावाने द्यावीत. पहिल्या महिन्यात मुलांनी तार जोडायला शिकावे, दुसऱ्यात लिनक्स बसवायला, तिसऱ्यात एका दुकानाच्या हिशेबाची प्रत घेऊन ती परत उघडून दाखवायला. परत उघडून पाहिल्याशिवाय प्रत घेतली असे मानू नये. आणि ज्या दुकानात ते काम करतील त्या दुकानदाराने त्यांची मजुरी त्याच दिवशी, मोजून, हातावर ठेवावी. फुकट करून घेतलेल्या कामातून धंदा उभा राहत नाही.